पेशी दोन होण्याआधी का थांबते?

उपस्थित शिक्षक, विद्यार्थी आणि विज्ञानप्रेमी मित्रहो,

महाराष्ट्रातल्या कनिष्ठ महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकलेल्या बहुतेकांनी कांद्याच्या मुळाचे टोक काचपट्टीवर दाबून पाहिलेले असते. कांद्याचा बुड पाण्याला टेकवून ठेवला की दोन-तीन दिवसांत पांढरी मुळे फुटतात. त्यांची टोके कापून ॲसिटिक आम्ल आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात ठेवायची, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात जराशी ऊब द्यायची, ॲसिटोकार्मिनने रंगवायची, वर काचेची चकती ठेवून अंगठ्याने दाबायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था आणि अंत्यावस्था शोधून काढायच्या, असा तो प्रयोग आहे. वहीत चार आकृत्या काढल्या, त्यांना नावे दिली की प्रयोग पुरा होतो. या प्रयोगाची योग्यता मोठी आहे, पण त्यातून एक गोष्ट हातातून निसटते. काचपट्टीवरच्या पेशी मृत असतात. रसायनाने त्यांना ज्या क्षणी गाठले त्या क्षणीच त्या गोठलेल्या असतात, आणि म्हणून आपल्याला चार चित्रे मिळतात. त्या चित्रांमधला वेळ मिळत नाही. त्या मधल्या वेळात पेशी काय करत असते, कशासाठी खोळंबून राहते आणि कोणत्या खात्रीनंतर पुढे जाते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. पेशीविभाजनाबद्दल गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जे समजले त्यातला सर्वांत मोलाचा भाग या थांबण्याविषयीचा आहे, असे माझे ठाम मत आहे.

विभाजन समजण्यासाठी आधी वाटणी कशाची करायची आहे ते पाहावे लागेल. प्राणिपेशीभोवती प्रद्रव्यपटल असते आणि वनस्पतिपेशीला त्याबाहेर सेल्युलोजची भित्तिका असते. आत पेशीद्रव्य, त्यात प्रथिने बनवणारे रायबोझोम, त्या प्रथिनांवर पुढचे संस्कार करणारी आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्गी पिंड, ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका, टाकाऊ द्रव्यांचे पचन करणाऱ्या लयकारिका आणि वनस्पतींमध्ये हरितलवके असतात. ही यादी आपल्याला पाठ असते. ती पाठ करताना संख्येकडे मात्र आपले दुर्लक्ष होते, आणि विभाजनाच्या दृष्टीने संख्येलाच सर्वाधिक महत्त्व आहे. यकृताच्या एका पेशीत हजार-दोन हजार तंतुकणिका असतात आणि रायबोझोम तर लाखांनी असतात. पेशी मधोमध चिमटली गेली, तर यांतले निम्मे इकडे आणि निम्मे तिकडे आपोआपच जातात; थोडे कमी-जास्त झाले तरी नव्या पेशी ती तूट भरून काढतात, कारण तंतुकणिका स्वतः वाढून दुभंगू शकतात आणि रायबोझोम नव्याने बांधता येतात. गुणसूत्रांचे तसे नाही. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, म्हणजे प्रत्येक प्रकारच्या फक्त दोन प्रती. घराची वाटणी होताना धान्य मापाने वाटले तर मूठभर इकडे-तिकडे झाल्याने कोणाचे अडत नाही. जमिनीच्या कागदपत्रांची मात्र पूर्ण नक्कल दोन्ही घरांत असावी लागते. पेशीमध्ये अंदाजाने वाटण्याची सामग्री आणि मोजून वाटण्याची सामग्री अशी ही दुहेरी व्यवस्था आहे, आणि विभाजनाची सारी अवघड यंत्रणा या दुसऱ्या प्रकारच्या सामग्रीसाठी उभी राहते.

गुणसूत्रांमधल्या डीएनएचा, म्हणजे या सामग्रीचा, आवाका पाहा. माणसाच्या एका पेशीतले सर्व डीएनए सरळ पसरले तर त्याची लांबी सुमारे दोन मीटर भरेल, आणि ज्या केंद्रकात ते राहते त्याचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो. विभाजनापूर्वी या संपूर्ण लांबीची नक्कल करावी लागते. नक्कल करणारी विकरे (एन्झाइम) मानवी पेशीत सेकंदाला सुमारे ५० अक्षरे, म्हणजे डीएनएच्या साखळीतले ५० घटक, पुढे सरकतात. आपल्या सर्वांत मोठ्या गुणसूत्रात सुमारे २५ कोटी अक्षरजोड्या आहेत; त्याच्या मध्यापासून दोन्ही दिशांना काम सुरू केले तरी त्या वेगाने ते संपायला जवळजवळ महिना लागेल. प्रत्यक्षात ते सुमारे आठ तासांत संपते, कारण नक्कल एकाच वेळी हजारो ठिकाणांहून सुरू होते. मात्र त्यामुळे एक नवा प्रश्न उभा राहतो. हजारो ठिकाणी चाललेले काम सर्वत्र पुरे झाले, एकही तुकडा राहिला नाही आणि कोणताही तुकडा दोनदा उतरवला गेला नाही, हे पेशीला कसे कळते? आणि हे काही क्वचित घडणारे काम नाही. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्यांची भरपाई करण्यासाठी आपल्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या तांबड्या पेशी तयार होतात. त्यांच्या पूर्वज पेशींचे विभाजन आपण इथे बसलो असतानाही अखंड चालू आहे.

इतिहासातला सुरुवातीचा भाग मी थोडक्यात सांगतो, कारण तो पाठ्यपुस्तकांत येतो. १६६५ साली रॉबर्ट हूक याने बुचाच्या कापात पोकळ कप्पे पाहिले. १८३८-३९ मध्ये श्लायडेन आणि श्वान यांनी वनस्पती आणि प्राणी पेशींचेच बनलेले असतात, असा सिद्धांत मांडला. नवी पेशी आधीच्या पेशीपासूनच निर्माण होते हे मात्र त्या दोघांना उमगले नव्हते. रॉबर्ट रेमाक याने ते पाहिले आणि १८५५ साली रुडॉल्फ फिर्खो याने ते ठामपणे मांडले. पुढे १८८२ साली वाल्थर फ्लेमिंग याने सॅलॅमँडरच्या अळ्यांच्या पेशींचा प्रदीर्घ अभ्यास प्रसिद्ध केला. या प्राण्याच्या पेशी आणि त्यांतली गुणसूत्रे ठळक व मोठी असल्यामुळे त्याला केंद्रकातले धागे जाड होताना, उभे दुभंगताना आणि त्यांचे अर्धे-अर्धे भाग दोन दिशांना जाताना दिसले. सूत्री विभाजनाचे आजचे वर्णन मूलतः त्याचेच आहे. रंगवलेल्या मृत पेशींबरोबर तो जिवंत पेशीही पाहत असे, आणि त्यामुळे अवस्थांचा क्रम त्याने तर्काने जुळवून न थांबता डोळ्यांनी पडताळला, ही बाब मला विशेष आदराची वाटते.

वाटणी चुकली तर काय होते, याचे पहिले प्रायोगिक उत्तर थिओडोर बोव्हेरी याने दिले. सी-अर्चिन या सागरी प्राण्याच्या अंड्यात एकाऐवजी दोन शुक्रपेशी शिरल्या तर तुर्काला, म्हणजे गुणसूत्रे वेगळी करणाऱ्या तंतूंच्या रचनेला, दोनऐवजी चार ध्रुव मिळतात, अंडे एकदम चार पेशींत विभागले जाते आणि गुणसूत्रे त्या चार पेशींत कशीही विखुरली जातात. असे भ्रूण बहुतेक वेळा नीट वाढत नाहीत. बोव्हेरीने १९०२ साली यावरून निष्कर्ष काढला की प्रत्येक गुणसूत्राचे काम वेगळे आहे आणि एकाची उणीव दुसरे भरून काढू शकत नाही. केवळ गुणसूत्रांची एकूण संख्या पुरेशी असून भागत नाही, संच पूर्ण असावा लागतो. याच विचाराच्या आधारे १९१४ साली त्याने असेही सुचवले की कर्करोगाच्या गाठींचे मूळ गुणसूत्रांच्या चुकलेल्या वाटणीत असू शकेल. त्या काळी ही सूचना सिद्ध करण्याचे साधन कोणाकडेच नव्हते.

दोन विभाजनांमधल्या काळाला पूर्वी विश्रांतीची अवस्था म्हणत. सूक्ष्मदर्शकातून त्या काळात काही घडताना दिसत नसे, म्हणून तसे म्हणत. १९५३ साली लंडनमध्ये अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी घेवड्याच्या जातीच्या एका शेंगवर्गीय वनस्पतीच्या मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला आणि डीएनएची नक्कल नेमकी केव्हा होते ते शोधले. ती विभाजनाच्या वेळी होत नव्हती. विभाजनाच्या बऱ्याच आधी, एका ठरावीक कालखंडात होत होती, आणि तिच्या अलीकडे व पलीकडे दोन मोकळे कालखंड होते. त्यातून पेशीचक्राचे चार भाग ठरले : जी-१, नक्कल होण्याचा एस, त्यानंतरचा जी-२ आणि प्रत्यक्ष विभाजनाचा एम. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशीला एका चक्राला साधारण २४ तास लागतात आणि त्यातले प्रत्यक्ष विभाजन जेमतेम तासाभराचे असते. उरलेले तेवीस तास तयारीचे आणि तपासणीचे असतात. आकृत्यांमध्ये मात्र आपण त्या एका तासालाच सारी जागा देतो.

या मोकळ्या कालखंडांचा अर्थ उलगडणारा एक सुंदर प्रयोग १९७० साली प्रसिद्ध झाला. भारतातून अमेरिकेत गेलेले शास्त्रज्ञ पोटू नरसिंह राव आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट जॉन्सन यांनी चक्राच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या मानवी पेशी एकमेकींत विलीन केल्या. एस टप्प्यातली पेशी जी-१ मधल्या पेशीशी जोडली की जी-१ चे केंद्रक वेळेआधीच डीएनएची नक्कल सुरू करत असे. म्हणजे नक्कल सुरू करणारा काही घटक पेशीद्रव्यात होता. एस टप्प्यातली पेशी जी-२ मधल्या पेशीशी जोडली तर मात्र जी-२ चे केंद्रक हलत नसे. त्याची नक्कल एकदा होऊन गेलेली होती आणि चिथावणी मिळूनही ते पुन्हा नक्कल करायला तयार नव्हते. तिसरा निकाल सर्वांत विलक्षण होता. विभाजन चालू असलेली पेशी कोणत्याही टप्प्यावरच्या पेशीशी जोडली, तर त्या दुसऱ्या पेशीची गुणसूत्रे जबरदस्तीने आखडू लागत. नक्कल अर्धवट असेल तर ती गुणसूत्रे तुकडे तुकडे झाल्यासारखी दिसत. तयारी नसताना विभाजनाचा आदेश आला तर काय होते, ते त्या चित्रांत साक्षात दिसत होते. भारतीय विद्यार्थ्यांना या प्रयोगाची ओळख जितकी व्हायला हवी तितकी होत नाही, याची मला खंत आहे.

आदेश देणारा तो घटक कोणता, याचे उत्तर तीन वेगळ्या वाटांनी आले आणि त्या तीन वाटांवरच्या तिघांना, म्हणजे लेलँड हार्टवेल, पॉल नर्स आणि टिम हंट यांना, २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. नर्स यांनी दुभंगून वाढणाऱ्या यीस्टमध्ये असे उत्परिवर्ती, म्हणजे जनुकात बदल झालेले प्रकार, शोधले की जे पुरेसे वाढण्याआधीच विभागत आणि म्हणून आकाराने खुजे राहत. त्यांवरून विभाजनाची वेळ ठरवणारे एक जनुक हाती आले. १९८७ साली मेलनी ली आणि नर्स यांनी दाखवले की त्या जनुकाच्या जागी माणसाचे तत्सम जनुक घातले तरी यीस्टचे काम चालते. यीस्ट आणि माणूस यांचे पूर्वज शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले, तरी विभाजनाची किल्ली तीच राहिली. हंट यांना १९८२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या वुड्स होल येथे सी-अर्चिनच्या अंड्यांत असे एक प्रथिन आढळले, जे सतत साठत जाई आणि प्रत्येक विभाजनाच्या वेळी अचानक नाहीसे होई. त्याला त्यांनी सायक्लिन असे नाव दिले. नर्स यांच्या जनुकापासून बनणारे विकर एकटे निष्क्रिय असते. सायक्लिनची जोड मिळाली की ते कामाला लागते, आणि सायक्लिन नष्ट झाले की थंडावते. पेशीचे पाऊल मागे पडू नये म्हणून प्रथिनच मोडून टाकायचे, ही त्यातली युक्ती आहे. मोडलेले प्रथिन परत जुळत नाही, आणि म्हणून चक्र उलटे फिरत नाही.

हार्टवेल यांचे काम माझ्या आजच्या विषयाच्या गाभ्याशी आहे, म्हणून त्यातल्या एका प्रयोगावर थोडे थांबतो. यीस्टवर क्ष-किरण सोडले की डीएनए तुटते. साध्या यीस्टच्या पेशी अशा वेळी विभाजन थांबवतात, तुटलेले दुरुस्त करतात आणि मग पुढे जातात. रॅड-९ हे जनुक बिघडलेल्या पेशी थांबत नाहीत. तुटक्या गुणसूत्रांसह विभागतात आणि मोठ्या संख्येने मरतात. यावरून कोणी म्हणेल की त्यांना दुरुस्ती करता येत नसावी. टेड वाइनर्ट आणि हार्टवेल यांनी १९८८ साली ही शंका फेडली. त्यांनी अशा पेशींना क्ष-किरण दिल्यावर एका औषधाने त्यांचे विभाजन काही काळ बाहेरून अडवून धरले आणि मग मोकळे केले. त्यातल्या पुष्कळ पेशी वाचल्या. दुरुस्तीचे कौशल्य त्यांच्याकडे शाबूत होते. उणीव होती ती केवळ थांबण्याची, आणि प्रयोगकर्त्यांनी उसने दिलेले थांबणेही त्यांना पुरले. अशा तपासणीच्या नाक्यांची कल्पना या प्रयोगांतून पक्की झाली. माणसात याच प्रकारचे काम पी-५३ नावाचे प्रथिन करते. डीएनएला इजा झाली की ते पेशीला रोखते आणि इजा फार मोठी असेल तर पेशीला स्वतःचा अंत करायला लावते. मानवी कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये या प्रथिनाचे जनुक बिघडलेले आढळते. कर्कपेशी वेगाने विभागते असे आपण सर्रास म्हणतो. ती थांबायच्या जागी थांबत नाही, असे म्हणणे वस्तुस्थितीच्या अधिक जवळचे आहे. अस्थिमज्जेतल्या निरोगी पेशी अनेक गाठींतल्या पेशींपेक्षा वेगाने विभागतात आणि तरी त्या शिस्तीत असतात.

आता प्रत्यक्ष वाटणीकडे वळू. नक्कल झालेल्या प्रत्येक गुणसूत्राची दोन अर्धगुणसूत्रे कोहेसिन या प्रथिनाच्या कड्यांनी एकत्र धरलेली असतात. पूर्वावस्थेत ती आखडून जाड होतात, केंद्रकावरण विरघळते आणि दोन ध्रुवांकडून सूक्ष्मनलिकांचे तुर्कतंतू वाढत येतात. हे तंतू स्थिर नसतात. टिम मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनी १९८४ साली दाखवले की प्रत्येक सूक्ष्मनलिका वाढत असते, अचानक झडू लागते आणि पुन्हा वाढू लागते. दिशा ठाऊक नसलेले हे तंतू चाचपडत पुढे जातात. गुणसूत्रबिंदूवरच्या जोडस्थानाला जो लागतो तो टिकतो आणि बाकीचे झडून जातात. इतक्या चाचपडण्यातून अचूक रचना निर्माण व्हायची, तर जोडणी बरोबर झाली की नाही हे तपासणारे कोणी तरी हवे. एका अर्धगुणसूत्राला एका ध्रुवाकडून आणि दुसऱ्याला विरुद्ध ध्रुवाकडून तंतू लागले, तरच वाटणी बरोबर होईल. दोन्ही एकाच ध्रुवाला जोडली गेली, तर एका पेशीत एक गुणसूत्र जास्त आणि दुसरीत एक कमी पडेल. मग योग्य जोडणी पेशी ओळखते कशावरून?

ताणावरून, हे उत्तर ब्रूस निकलस यांच्या प्रयोगशाळेने अतिशय हळुवार हातांनी शोधले. त्यासाठी त्यांनी निवडला तो आपल्याकडे खंडोबाचा किडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कीटकाचा एक भाईबंद. या कीटकाच्या नराच्या शुक्रपेशी तयार होताना तीन लिंगगुणसूत्रे एकमेकांशी जोडलेली असतात. क्वचित त्यांतले एक सुटे राहते आणि ते एकाच ध्रुवाला लागते. अशा वेळी पेशी पश्चावस्थेत जात नाही. ती तासन्‌तास अडून राहते आणि शेवटी तिचा ऱ्हास होतो. शाओताँग ली आणि निकलस यांनी जिवंत पेशीत काचेची अतिसूक्ष्म सुई घालून ते सुटे गुणसूत्र हलकेच ओढून धरले. दुसऱ्या ध्रुवाकडून जो ताण मिळायला हवा होता तो सुईने दिला. आणि पेशी पुढे गेली. तिने विभाजन सुरू केले. जोडणी अजूनही चुकलेलीच होती, पण ताण मिळाल्यावर पेशीने ती बरोबर मानली. हा प्रयोग १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी कॉन्ली रीडर आणि सहकाऱ्यांनी दुसरी बाजू दाखवली : सर्व गुणसूत्रे जोडली गेली असताना एकच जोडस्थान मोकळे उरले तरी पेशी थांबते, आणि ते एक जोडस्थान लेझरने नष्ट केले की थोड्याच वेळात पुढे जाते. म्हणजे थांबण्याचा संदेश त्या एका मोकळ्या जागेतून निघत होता.

हा संदेश ज्याला अडवतो तो प्रथिनसमूह दोन गोष्टींच्या नाशाची खूण करतो. एक म्हणजे आपण मघाशी पाहिलेले सायक्लिन आणि दुसरे सिक्युरिन. सिक्युरिन हे सेपरेज नावाच्या विकराला बांधून ठेवते. शेवटचे जोडस्थान जोडले गेले की संदेश थांबतो, सिक्युरिन मोडते, सेपरेज सुटते आणि कोहेसिनची कडी तोडते. हे तोडण्याचे काम व्हिएन्नामध्ये फ्रांक उलमान आणि किम नास्मिथ यांनी १९९९ साली उलगडले. पाठ्यपुस्तकात आपण ‘अर्धगुणसूत्रे विरुद्ध ध्रुवांकडे ओढली जातात’ असे वाक्य लिहितो. ओढ तर मध्यावस्थेत आधीपासूनच असते. त्या क्षणी नवीन घडते ते बंधन तुटणे. ताणलेले असूनही धरून ठेवणे, सगळी एकाच वेळी तयार होईपर्यंत वाट पाहणे आणि मग सर्वांना एकदमच सोडणे, असा हा क्रम आहे. विद्यार्थ्यांना मध्यावस्था शिकवताना शिक्षकांनी ती स्थिर रांग म्हणून न दाखवता दोन्हीकडून ताणलेली आणि रोखून धरलेली स्थिती म्हणून दाखवावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

हे तुर्कतंतू मोडणारी द्रव्ये आपल्या परिसरातल्या वनस्पतींमध्येही आहेत. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी विषारी आहे, आणि तिच्या कंदात व बियांत कोल्चिसीन असते. ते सूक्ष्मनलिकांच्या घटक प्रथिनाला चिकटते आणि नलिका बनू देत नाही. तंतूच नसल्याने जोडणी होत नाही, आणि पेशी मध्यावस्थेच्या उंबरठ्यावर अडते. या अडण्याचा शास्त्राला मोठा उपयोग झाला. माणसात ४८ गुणसूत्रे आहेत असे अनेक वर्षे मानले जात होते. स्वीडनमधल्या लुंड येथे जो हिन च्यो आणि आल्बर्ट लेव्हान यांनी कोल्चिसीनने पेशी अडवून, क्षारांच्या विरल द्रावणात त्या फुगवून गुणसूत्रे सुटी पसरवली आणि १९५६ साली ती ४६ असल्याचे जाहीर केले. त्यानंतर तीनच वर्षांनी झेरोम लेजून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डाउन संलक्षणात (डाउन सिंड्रोममध्ये) २१ व्या गुणसूत्राची एक प्रत अधिक असते हे दाखवले. अंगणातल्या सदाफुलीतून मिळणारी विनब्लास्टीन आणि विनक्रिस्टीन ही द्रव्येही याच प्रथिनाला चिकटतात, आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांत विनक्रिस्टीनला आजही महत्त्वाचे स्थान आहे. यावरून कोणी घरी सदाफुलीचा काढा करून पिऊ नये, हे मी मुद्दाम सांगतो. ही द्रव्ये शुद्ध करून, अगदी काटेकोर मात्रेत आणि वैद्यकीय देखरेखीखालीच दिली जातात, कारण ती निरोगी विभाजनालाही अडवतात.

गुणसूत्रे वेगळी झाल्यावर पेशीद्रव्याची विभागणी होते. प्राणिपेशीत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे कडे पटलाखाली आवळत जाते आणि पेशी चिमटली जाते. वनस्पतिपेशीला बाहेरची भित्तिका असल्याने आत चिमटता येत नाही. तिथे गॉल्गी पिंडाकडून आलेल्या पिटिका मध्यभागी जमून एक पट्टिका तयार होते आणि ती आतून बाहेर वाढत जुन्या भित्तिकेला मिळते.

काही पेशी हे चक्र सोडून देतात. बहुतेक चेतापेशी एकदा तयार झाल्या की पुन्हा विभागत नाहीत. यकृताच्या पेशी एरवी स्वस्थ असतात, पण उंदराच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग काढला तर उरलेल्या पेशी पुन्हा चक्रात येतात आणि आठवडा-दहा दिवसांत वस्तुमान बहुतांशी भरून काढतात. तिथेही पुरेसे झाले की त्या पुन्हा थांबतात.

थांबण्याचे सर्वांत दीर्घ उदाहरण मात्र मानवी अंडपेशीचे आहे. प्रजननपेशी अर्धगुणसूत्री विभाजनाने तयार होतात. त्यात गुणसूत्रांच्या जोड्या आधी एकत्र येतात, त्यांच्यात भागांची देवाणघेवाण होते आणि मग लागोपाठ दोन विभाजनांनी संख्या निम्म्यावर येते. पुरुषात हे काम यौवनानंतर सतत चालू असते. स्त्रीमध्ये ते तिच्या स्वतःच्या जन्माआधी, ती आईच्या पोटात असतानाच सुरू होते आणि पहिल्या विभाजनाच्या पूर्वावस्थेत थांबवले जाते. जन्माच्या वेळी अशा थांबलेल्या दहा ते वीस लाख पेशी असतात, यौवनारंभी तीन-चार लाख उरतात आणि आयुष्यभरात त्यांतल्या सुमारे चारशे-पाचशेच परिपक्व होतात. म्हणजे पस्तिशीतल्या स्त्रीची अंडपेशी पस्तीस वर्षांहून अधिक काळ त्याच अवस्थेत थांबलेली असते आणि तिची गुणसूत्रे गर्भावस्थेत बसवलेल्या कोहेसिनच्या कड्यांनीच एकत्र राहिलेली असतात. मादी उंदरांवरच्या प्रयोगांतून असे दिसते की ही कडी नंतर नव्याने बसवली जात नाहीत. वयानुसार त्यांची संख्या घटते, काही जोड्या वेळेआधीच सैल होतात आणि वाटणी चुकण्याचा संभव वाढतो. डाउन संलक्षणाचे प्रमाण मातेच्या विशीत सुमारे दीड हजार जन्मांत एक, तर चाळिशीला सुमारे शंभरात एक असते, त्याचे एक मोठे कारण इथे आहे. आपल्या समाजात अशा वेळी आईला बोल लावला जातो. तिच्या खाण्यापिण्यातली किंवा वागण्यातली कोणतीही चूक ही कडी सैल होण्याला जबाबदार नसते, हे शिक्षक आणि डॉक्टर या नात्याने आपण प्रत्येक संधीला सांगितले पाहिजे.

अंडमोचनाच्या सुमारास संप्रेरकांचा इशारा मिळतो आणि ती पेशी पुन्हा चालू लागते. पहिले विभाजन पूर्ण होते, त्यातून एक लहानशी ध्रुवपेशी बाहेर टाकली जाते, दुसरे विभाजन सुरू होते, आणि मध्यावस्थेत पोहोचून पेशी पुन्हा थांबते. या वेळी सर्व जोडण्या बरोबर असतात, ताण असतो, तरी सायक्लिन आणि सिक्युरिन टिकवून ठेवले जातात. शुक्रपेशी आत शिरली की तिच्याबरोबर आलेल्या एका विकरामुळे अंड्यात कॅल्शियमच्या लाटा उठतात. त्या लाटांनी सायक्लिन आणि सिक्युरिन यांचा नाश सुरू होतो, सेपरेज उरलेली कडी तोडते आणि दुसरी ध्रुवपेशी बाहेर पडते. शुक्रपेशी आलीच नाही तर हे विभाजन कधीच पूर्ण होत नाही आणि पेशी दिवसभरात नष्ट होते. ती आली तर माता आणि पिता यांच्या गुणसूत्रांची दोन केंद्रके तयार होतात, दोन्हींतल्या डीएनएची नक्कल होते आणि साधारण एक ते सव्वा दिवसाने नव्या जीवाचे पहिले सूत्री विभाजन घडते.